परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

खंजिरी भजन स्पर्धेचं पत्रक हातात आलं की मी बक्षिसांची यादी सोडून आधी खाली बारीक अक्षरांत छापलेले ‘नियम व अटी’ वाचते. बक्षिसं सगळीकडे सारखीच. पहिलं एखाद्या पुढाऱ्याकडून, दुसरं कुणाच्या वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, तिसरं किराणा दुकानदाराकडून, असं करत करत पंधराव्या-विसाव्यापर्यंत. नियम मात्र गावागणिक वेगळे, आणि ते वाचले की त्या गावात मागच्या वर्षी काय बिनसलं होतं ते समजतं. ‘एका मंडळातील वादक दुसऱ्या मंडळात बसल्यास दोन्ही मंडळे बाद’ असं ठळक अक्षरांत असेल, तर एकच तबलजी रात्रभर सदरे बदलून तीन मंडळांमागे बसलेला असतो. ‘मंचावर शेगडी आणू नये’ असं असेल तर सतरंजी जळालेली असते. ‘परीक्षकांशी हुज्जत घालणाऱ्या मंडळास पुढील तीन वर्षे बंदी’ हे वाचलं की मी घरून निघताना परतीच्या गाडीची सोय आधी विचारून घेते.

एवढं सगळं छापून झाल्यावर शेवटी एक वाक्य सगळ्या पत्रकांवर येतंच: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. ते वाचून आयोजक निश्चिंत होतात. परीक्षकाची झोप तिथून उडते.

मी वाडीत राहते. नागपूरहून अमरावतीकडे निघालं की लागणारं हे गाव. आता त्याला गाव म्हणवत नाही. एका अंगाला अंबाझरीच्या आयुधनिर्माणीची वसाहत, दुसऱ्या अंगाला ट्रान्सपोर्टची गोदामं, आणि मधून चोवीस तास वाहणारा रस्ता. शाळेत संगीत शिकवायचं आणि दिवाळीनंतर सुट्टीच्या रात्री भजन स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचं, असा माझा बरीच वर्षं शिरस्ता होता. नोकरी संपली, दुसरं काम तेवढं उरलं. हाच रस्ता पुढे कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा करत मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाच्या दारावरून जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले, १९३५ साली मोझरीला आश्रम उभा केला आणि १९६८ साली गेले. नागपूरच्या विद्यापीठाला आता त्यांचं नाव आहे. पण विदर्भातल्या खेड्यांत ते उरले आहेत ते दोन गोष्टींत: संध्याकाळी एकत्र बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवर गायचं भजन. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी हे दोन्ही धरून ठेवलं. स्पर्धा ही त्याच्यावर नंतर चढलेली गोष्ट.

मंडळ साधारण दहा-बारा जणांचं. पुढे मुख्य गायक, बहुधा त्याच्याच हातात खंजिरी. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबला किंवा ढोलक, मागे टाळकरी. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस घरात येत असतो, थोडा पैसा आणि थोडी उसंत असते, तेव्हा स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि फाल्गुनापर्यंत चालतो. रात्री आठला दीपप्रज्वलन म्हटलं तर दहाला होतं. मान्यवरांची भाषणं आटोपली की चिठ्ठ्या निघतात. प्रत्येक मंडळाला दोन भजनं, त्यातलं एक राष्ट्रसंतांचं, दुसरं कोणत्याही संताचं किंवा समाजप्रबोधनाचं. दहा ते बारा मिनिटं. तीस-चाळीस मंडळं आली की हिशेब करा. निकाल लागतो तेव्हा गावात दूधवाले फिरत असतात. परीक्षकाला शाल, श्रीफळ आणि एक पाकीट. पाकिटात किती, हे घरी गेल्यावरच पाहायचं असतं.

सुरुवातीला मला फक्त महिला गटाला बोलवायचे. पुरुष गटाला ‘सर’ आणि महिला गटाला ‘बाई’, अशी वाटणीच होती. महिला गटाच्या नियमांत एक ओळ असायची: महिला मंडळात तबला व पेटीवादक पुरुष चालेल. या ओळीचा अर्थ असा की बायका गातील, टाळ वाजवतील, पण वाजवणारा कुणाचा तरी नवरा, दीर किंवा गावातला मास्तर असेल. मग व्हायचं काय, तर तोच सूर ठरवायचा. बायकांचा गळा कुठे बसतो याचा विचार न करता त्याच्या सवयीची पट्टी धरायचा, बायका ताणून गायच्या आणि आम्ही ‘स्वर’ या रकान्यात त्यांचेच गुण कापायचो. हे मला फार बोचायचं. पुढे बचत गटांतल्या मुली ढोलक शिकल्या, काही ठिकाणी पेटीवर सासूबाई बसल्या. ज्या वर्षी आमच्याकडे त्या ओळीच्या जागी ‘सर्व कलावंत महिला असल्यास पाच गुण अधिक’ अशी ओळ आली, त्या वर्षी आधी दंगा झाला, मग तीन मंडळांनी ढोलकवाली शोधली. पाच गुणांत एवढं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नियमाने कला सुधारत नाही असं आमच्यातले जाणते म्हणतात; मला ते अर्धंच पटतं.

आता गुणपत्रिका. स्वर २०, ताल २०, शब्दोच्चार २०, खंजिरीवादन २०, सादरीकरण व वेशभूषा १०, शिस्त व वेळ १०. असा किंवा याच्या जवळपासचा कागद जवळजवळ सगळीकडे मिळतो. वेळ हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी रकाना वाटतो. तिथेच पहिली ठिणगी पडते. घड्याळ कधी सुरू करायचं? मंडळ मंचावर बसलं तेव्हा, पेटीचा पहिला सूर निघाला तेव्हा, की भजनाचा पहिला शब्द आला तेव्हा? चांगले गायक भजनाआधी एखादा दोहा सोडतात, आळवतात, माहोल तयार करतात. तो वेळेत धरायचा का? आणि खंजिरी? अगहन-पौषातलं दव पडलं की कातडं सैल होतं, बद्द वाजायला लागतं. पूर्वी शेकोटीवर धरून तापवायचे, अजूनही धरतात.

“बाई, वाद्य तापू द्या ना जी. दव पडून राह्यलं.”

“तापवा. पण घंटा वाजली की वाजली.”

“तुमी घड्याळ सुरू नोका करू, मंग आमी तापवतो.”

यावर उपाय म्हणून आमच्या वाडीच्या स्पर्धेत मंचामागे एक जागा केली. पुढचं मंडळ तिथे वाद्यं जुळवून तयार बसतं आणि घड्याळ पहिल्या सुराला सुरू होतं, मग तो सूर कशाचाही असो. बऱ्याच जणांनी कातड्याऐवजी फायबरचं पान बसवलं, नट कसले की झालं. त्याला दव लागत नाही. आवाज मात्र डब्यासारखा येतो. पण त्याला गुण कापायचे असा नियम नाही आणि कुणी करूही नये, कारण गरीब मंडळाला तेच परवडतं.

खंजिरीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण स्पर्धेचं नावच तिच्यावरून आहे. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कडेच्या चकत्यांचा नाद वेगळा, पानाचा ठोका वेगळा. चांगल्या वादकाचा डावा हात नुसता धरायला नसतो. त्याच हाताच्या बोटांनी पान आतून दाबून तो ठोक्याला वाकवतो, घुमवतो, आणि मनगटाच्या हिसक्यावर चकत्या केव्हा बोलतील केव्हा गप्प राहतील ते ठरवतो. ऐकायला सोपी, वाजवायला अवघड. सत्यपाल महाराजांनी एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधनाची कीर्तनं गाजवली आणि तेव्हापासून पोरांना खंजिरी म्हणजे करामत हेच माहीत झालं. त्यांच्याकडे ती करामत कीर्तनाचा भाग असते. लोकांना धरून ठेवायचं आणि मग दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांवर बोलायचं. स्पर्धेच्या दहा मिनिटांत मात्र एखादा मुलगा खंजिरी बोटावर फिरवतो, वर फेकून झेलतो, गुडघ्यावर, खांद्यावर आपटतो, आणि मंडप डोक्यावर घेतला जातो. भजनातला शब्द त्या टाळ्यांत वाहून जातो. याला खंजिरीवादनाचे २० पैकी किती द्यायचे?

या प्रश्नावर मला एका भलत्याच ठिकाणी सोबती सापडले. अमेरिकेत आयडाहो राज्यात वीझर नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १९५३ पासून जुन्या पद्धतीच्या फिडलची, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनची, स्पर्धा भरते. तिचे नियम वाचताना मला आमचीच पत्रकं आठवली. स्पर्धकाने तीन धून वाजवायच्या: एक जलद नाचाची, एक वॉल्ट्झ, एक आपल्या पसंतीची. सगळं चार मिनिटांत. वेळ ओलांडली की गुण कापतात. आणि करामतीची वाजवणी चालणार नाही, हे तिथेही लिहावं लागलं आहे. नुसतं तत्त्व सांगून भागलं नसणार, म्हणून करामतीसाठी गाजलेल्या काही धूनच नावानिशी वगळल्या आहेत. म्हणजे तिकडेही कुणीतरी पहाटे परीक्षकांच्या अंगावर धावून गेलं असणार, असा माझा आपला अंदाज.

पण त्यांनी एक गोष्ट केली आहे जी आम्हाला सुचली नव्हती. तिथे परीक्षक स्पर्धकाला पाहातच नाहीत. वेगळ्या खोलीत बसतात, आवाज स्पीकरवरून येतो. कोण वाजवतंय, कुणाचा मुलगा, कोणत्या गावचा, पेहराव काय, टाळ्यांवर किती नाचतोय, काही दिसत नाही. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतले तुकडे देऊन विजेता ओळखायला सांगितला. काहींना फक्त आवाज, काहींना आवाज बंद करून फक्त चित्र. मुक्या चित्रावरून ओळखणाऱ्यांचा अंदाज जास्त वेळा बरोबर आला, आणि ऐकणाऱ्यांत तर जाणकार संगीतकारही होते. याचा सरळ अर्थ असा की मूळ परीक्षकांनीही डोळ्यांनीच निकाल दिला होता. हे वाचल्यापासून मी पहिलं भजन मान खाली घालून ऐकते. मंडपात लोकांना वाटतं बाई पेंगल्या. वाटू दे.

दुसरं भजन मात्र मी पाहते, अगदी डोळे ताणून पाहते. त्याचं कारण पुढे सांगते.

त्याआधी चालीचा घोळ. ‘सिनेमाच्या चालीवर भजन म्हणू नये’ हा नियम सगळीकडे आहे आणि सगळीकडे मोडतो. हेतू चांगला आहे. भजन ऐकताना लोकांच्या डोळ्यांसमोर नटी उभी राहू नये. पण ओळखायचं कुणी? परीक्षक मंडळ बहुधा तिघांचं: एक संगीत विशारद झालेला, एक भजनात हयात घालवलेला, एक गावचा मान्यवर. विशारदाला राग कळतो, सिनेमा कळत नाही. भजनवाल्याला तीच चाल लहानपणापासून देवळात ऐकल्याचं आठवतं. मान्यवर तेवढ्यात म्हणतो, “हे तं पिच्चरचं गाणं हाये.” मग रात्री दीड वाजता तीन पोक्त माणसं एका पोराच्या मोबाइलवर कान लावून जुनी हिंदी गाणी ऐकत बसतात आणि मंचावरचं मंडळ टाळ हातात घेऊन वाट पाहतं.

एकदा अशाच वेळी मंडळाचा म्होरक्या, सत्तरीचे गृहस्थ, पिशवीतून भजनाचं जीर्ण पुस्तक काढून माझ्यासमोर घेऊन आले. “बाई, हे पाहा. पुस्तकातच छापलं हाये. मी काय माह्या मनानं म्हनून राह्यलो का?”

खरंच होतं. तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या पुस्तकांत कित्येक भजनांच्या डोक्यावर ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्याच गाण्याची ओळ छापलेली असते. लोकांच्या तोंडात जे बसलेलं आहे ते उचलायचं, त्यात आपला शब्द भरायचा आणि त्यांनाच परत द्यायचा. हे काही महाराजांनी शोधून काढलेलं नाही. ओव्या, पदं, लावण्या, सगळीकडे चालींची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. म्हणजे ज्यांच्या नावाने स्पर्धा, त्यांचीच रीत आम्ही बाद ठरवत होतो.

त्या रात्री तिघांत एकमत झालं नाही. गुण मी कापले नाहीत, मान्यवरांनी कापले. तेव्हापासून मी स्वतःपुरता एक विचार ठेवला आहे: चालीने शब्द वर आला की खाली गेला, एवढंच पाहायचं. उसनी चाल असूनही ओळीतला जोर जिथे हवा तिथे पडत असेल तर माझी तक्रार नाही. आणि स्वतः बांधलेली चाल असूनही ‘गरिबांचा’ हा शब्द तीन तुकडे होऊन येत असेल, तर शब्दोच्चाराचे गुण जातात. नियमात हे बसत नाही. पण नियमात बसवायचं म्हटलं तर पत्रकाची मागची बाजूही भरेल.

बेरजेचं पाप मात्र फार दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तीन परीक्षकांचे गुण मिळवायचे, ज्याची बेरीज जास्त तो पहिला. यात कुणाला वावगं काय दिसणार? पण समजा तीन मंडळं आहेत. मी अ-ला ८२, ब-ला ८०, क-ला ७८ दिले. दुसऱ्यांनी ८१, ७९, ७७. म्हणजे आम्हा दोघांच्या मते अ पहिलं आणि क शेवटचं. तिसरे परीक्षक हात सैल सोडून गुण देणारे. त्यांनी अ-ला ६०, ब-ला ७५, क-ला ९० दिले. बेरीज करा. अ २२३, ब २३४, क २४५. तिघांतल्या दोघांनी ज्याला शेवटचा नंबर दिला, ते मंडळ ढाल घेऊन घरी जातं. लबाडी कुणी केली नाही. फक्त ज्याच्या गुणांत अंतर जास्त, त्याचंच मत मोजलं गेलं. आम्ही दोघं जपून जपून दोन-दोन गुणांच्या फरकाने न्याय करत बसलो आणि आमचा न्याय कुठेच लागला नाही. ज्याला ही गोम कळते तो हवा तो निकाल लावू शकतो, आणि कळणारे असतात.

आम्ही वाडीत गुणांऐवजी अनुक्रम मिळवायला लागलो. वरच्या उदाहरणात अ-चे १, १, ३ मिळून ५, ब-चे ६, क-चे ७, ज्याची बेरीज कमी तो पहिला. सोपं आहे. पण आमच्या सचिवांना पटवायला दोन हंगाम गेले, कारण ‘कमी गुणवाला पहिला कसा’ हे मंचावरून सांगायचं कसं, ही त्यांची चिंता. आणि अनुक्रमाचीही एक अडचण आहेच. चाळीस मंडळं रात्रभर ऐकायची, तर दहा वाजता गायलेल्याचा नंबर पहाटे चारला गायलेल्याच्या शेजारी ठेवायचा कसा? कागदावरच्या टिपणांवर. म्हणून माझी वही गुणांपेक्षा शेऱ्यांनी भरलेली असते: ‘दुसऱ्या कडव्यात ढोलक पळाला’, ‘पेटी गायकाच्या पुढे’, ‘मागचे दोघे बेसूर पण मनापासून’.

चिठ्ठीत पहिला नंबर निघाला की मंडळाचे चेहरे पडतात, त्यात तथ्य आहे. ब्रुसेल्सच्या राणी एलिझाबेथ संगीत स्पर्धेचे निकाल तपासून फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ साली दाखवून दिलं की अंतिम फेरीत उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल होता, आणि क्रम तर सोडतीने लागलेला होता. तिथे जगातले नामांकित परीक्षक, पोटभर झोपलेले. आमच्याकडे सतरंजीवर मांडी घालून, मफलर गुंडाळून, चौथा चहा घेणारे. पहिल्या मंडळाला आपण हात राखून गुण देतो, कारण पुढे आणखी चांगलं येईल म्हणून जागा ठेवायची असते. ते चांगलं आलं नाही तरी पहिल्याचे कापलेले गुण परत मिळत नाहीत. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी यजमान गावाचं मंडळ स्पर्धेबाहेर पहिलं भजन गातं. स्वागताचं स्वागत होतं, परीक्षकाचा कान जुळतो, आणि आपल्याच गावाला बक्षीस दिल्याचा आरोपही टळतो. इतका शहाणा नियम आमच्या अख्ख्या पत्रकात दुसरा नाही, आणि तो कुठेच छापलेला नसतो.

आता दुसरं भजन मी डोळे ताणून का पाहते ते.

स्पर्धा जसजशा मोठ्या झाल्या, बक्षिसाची रक्कम वाढली, तसतसा मंडळाचा आकार तोच राहून आतून ते बदललं. चांगला गायक बाहेरून आणायचा, पेटीवाला नागपूरहून, तबलजी आकाशवाणीवर वाजवणारा. मागचे सहा-सात जण गावचे. पांढरा सदरा, भगवी टोपी, हातात टाळ. गायक ओळ घेतो, तानेत सजवतो, पुन्हा घेतो, पेटी त्याला धरून, तबला सम राखून, सगळं चोख. मागचे टाळ वाजवतात आणि ध्रुपद आलं की ओठ हलवतात. गुणपत्रिकेवर हे मंडळ अव्वल. स्वर, ताल, शब्द, खंजिरी, वेशभूषा, वेळ. एकाही रकान्यात कापायला जागा नाही.

आणि त्याच रात्री काटोलकडचं एखादं मंडळ येतं. गायकाचा आवाज बसलेला, पेटीला एक स्वर दाबलेला. पण ओळ त्याने टाकली की मागचे दहाच्या दहा ती उचलतात, अशी की गायक श्वास घेतो तेव्हाही भजन थांबत नाही. शेवटच्या कोपऱ्यातला म्हातारा डोळे मिटून गातो, त्याच्या शेजारचा पोरगा त्याच्याकडे बघून गातो. मंडपात मागे उभे असलेले ट्रकवाले, पंजाबकडचे, बिहारचे, ज्यांना मराठी येत नाही, तेही ध्रुपदाला तोंड उघडतात. ज्या माणसाने अख्ख्या गावाला एका वेळी एकत्र बसवून प्रार्थना म्हणायला लावली, त्याच्या नावाच्या स्पर्धेत या मंडळाला अकरावा नंबर येतो. कारण कागदावर गायकासाठी रकाने आहेत, वादकासाठी आहेत, सदऱ्यासाठीसुद्धा आहे. मंडळासाठी एकही नाही.

सोबतचे विशारद मला म्हणाले, “बाई, मनापासून गाणं हा निकष होऊ शकत नाही. ते मोजता येत नाही.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोजता येत नाही ते परीक्षकाच्या मर्जीवर सोडलं की तिथून भाऊबंदकी शिरते, हे मी पाहिलं आहे. सुराचा रकाना निदान भांडणात उभा राहतो; गायक तिसऱ्या कडव्यात उतरला होता, हे रेकॉर्डिंग लावून दाखवता येतं. पण मागची रांग गाते की नाही, हेही दिसतं आणि ऐकू येतं. गायकाने श्वास घेतला तेव्हा काय उरलं, एवढंच ऐकायचं. हरलेल्या मंडळाचे लोक सकाळी चहाच्या टपरीवर मला गाठतात, तेव्हा विचारतातही हेच. “आमचं कुठं चुकलं?” असं एक-दोघे. बाकीच्यांचा प्रश्न वेगळा असतो: “बाई, त्यायचं तं एकच जन गात होता ना जी?” त्यांना मी ताल २० आणि शब्दोच्चार २० समजावून सांगायचे, आणि ते ‘बरं’ म्हणून ऐकून घ्यायचे. निकाल मानायचे सगळे. पण त्यातलं एखादं मंडळ पुढच्या वर्षी आलंच नाही असं कळलं, की त्यांनी स्पर्धा सोडली की गुरुवारचं भजनही सोडलं, ही चौकशी मी मुद्दाम करते. बऱ्याचदा भजन चालू असतं. एका गावात बंद पडलं होतं; पेटी विकून टाकली होती.

शेवटी आमच्या वाडीच्या समितीपुढे मी मागणी ठेवली की वेशभूषेचे दहा गुण काढा आणि ‘सामूहिक गायन’ असा रकाना घाला, २० गुणांचा. वेशभूषा काढायला विरोध झाला, कारण टोप्या एका देणगीदाराने दिल्या होत्या. म्हणून शिस्तीतले पाच, खंजिरीतले पाच, असे इकडून तिकडून काढून दहा गुण मिळाले. सचिव तरुण आहे, गोदामात हिशेब लिहितो. त्याने खाली टीपही छापली: ‘मंडळातील सर्व सदस्यांनी गाणे आवश्यक.’ पहिल्या वर्षी फरक दिसला. बाहेरून आलेल्या दोन गायकांची तारांबळ उडाली, मागचे लोक खरोखर मोठ्याने गायले आणि त्यांना चाल पाठ नव्हती हे सगळ्या मंडपाला कळलं.

दुसऱ्या वर्षी लोक शहाणे झाले. एका मंडळाने मागच्या रांगेत एक माइक जास्तीचा मागून घेतला आणि तो फक्त दोघा चांगल्या आवाजाच्या पोरांपुढे ठेवला. बाकीचे पूर्वीसारखेच ओठ हलवत होते, पण आता जोरात. स्पीकरवरून दहा जण गात असल्यासारखं ऐकू येत होतं, आणि मान खाली घालून ऐकणाऱ्या मला ते कळायला दुसऱ्या भजनापर्यंत थांबावं लागलं. आता माइक किती असावेत, कुठे असावेत आणि मागच्या रांगेला माइक असावा की नसावाच, यावर येत्या रविवारी समितीची बैठक आहे. मी सांगितलंय की मागचा माइक बंद करा. साउंडवाला म्हणतो, मग अमरावती रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही, आणि त्याचंही खरं आहे.